खण नंबर शून्य

माझ्या धाकट्या सुनेला जुळं झालं ते वर्ष २०५८. साल पक्कं लक्षात आहे, कारण घरात पाळणा एकच होता आणि बाळं दोन. दुसरा पाळणा मी स्वतः केला आणि त्याच्या पाटीवर खिळ्याने साल कोरलं. त्या जुळ्यांच्या बारशाच्या दिवशी, घुगऱ्या वाटून झाल्यावर, आमच्या गावाची थंड खोली गरम झालेली सापडली.

कोणी आग लावली नव्हती. दार बंद होतं, कुलूप शाबूत होतं. छपरावरचे सौरपट (सूर्याच्या उजेडापासून वीज करणाऱ्या काचा) ठीक होते. तरी माझी नात पूर्वा पाहुण्यांच्या मुलांना खोली दाखवायला गेली आणि दार उघडताच उलट्या पावली पळत आली.

“आजोबा, आत भट्टी आहे!”

मुलांनो, ही खोली म्हणजे काय ते आधी सांगतो. आमची कुरुंजवाडी डोंगराच्या खांद्यावर आहे. तिथे ही बियाण्यांची खोली येऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. आत चाळीस खण, आणि एकेका खणात एकेका जातीचं बी. नाचणीच्या सहा जाती, वरईच्या चार, शिवाय राळा, साळ, घेवडा, काळे वाल. बी म्हणजे झोपलेलं रोप. थंडीत आणि कोरड्यात ते वर्षानुवर्षं झोपतं, आणि उबेत व ओलाव्यात त्याची झोप मोडते. म्हणून खोलीत कायम पाच अंश थंडी ठेवलेली असे.

खोलीची किल्ली माझ्या थोरल्या बहिणीच्या, चांगुणाआक्काच्या कमरेला असायची. ती खोली येण्याच्या चाळीस वर्षं आधीपासून आक्का गावाचं बी सांभाळत होती, कणगीत, मडक्यात, राखेत घालून. ती आणि मी एकाच प्रौढ वर्गात अक्षरं शिकलो. तेव्हा ती एकसष्ट वर्षांची होती. म्हणजे आक्काला वाचता येत होतं आणि लिहिताही येत होतं. हे नीट लक्षात ठेवा, कारण पुढे एका माणसाने ते लक्षात ठेवलं नाही.

आक्काने प्रत्येक खणातले दहा दहा दाणे काढले, ओल्या फडक्यात गुंडाळले आणि चाळीस पुरचुंड्या चुलीमागे ओळीने मांडल्या. बी जिवंत आहे का ते बघायची तिची ही जुनी रीत. पाचव्या दिवशी तिने एकेक पुरचुंडी सोडली. चौदा पुरचुंड्यांत कोंब होते. सव्वीस पुरचुंड्यांत दाणे जसेच्या तसे, गप्प.

ती रडली नाही. सव्वीस फडकी तिने धुतली, पिळली आणि दोरीवर वाळत घातली.

दोन आठवड्यांनी निमसे साहेब आले. जिल्ह्याच्या बियाणे मंडळाचे तपासनीस. वयाने माझ्या मुलाएवढे, इस्त्रीचा शर्ट, बोलणं गोड. गोड बोलून कापणारी माणसं मला ओरडणाऱ्यांपेक्षा जास्त खुपतात.

“आजी, खोलीचं यंत्र सांगतंय की बारशाच्या आधीच्या सोमवारी सकाळी तुम्ही खण सुकवायला शून्य आकडा दिलात,” ते म्हणाले. “शून्य म्हणजे सगळे खण. चाळीसही खणांत चार दिवस गरम हवा गेली. एका खणाची ऊब बियाला सोसते, चाळीसांची भट्टी होते.”

“म्या शून्य लिवलंच नाय,” आक्का म्हणाली.

“यंत्र खोटं बोलत नाही, आजी.”

“मग म्या बोलते?”

साहेब हसले. “तसं नाही हो. वय झालं की होतं. उद्या दुपारी ग्रामसभा घेऊ. मी अहवाल वाचतो, तुम्ही किल्ली द्या. तालुक्याहून एक शिकलेला माणूस येईल. तुम्हीही आता आराम करा.”

आराम करा! चाळीस वर्षं जिने गावाला पेरायला बी दिलं, तिला आराम करा! माझं डोकं सणकलं. आक्काचा हात कमरेच्या किल्लीवर गेला आणि तिथेच राहिला.

साहेब शाळेत मुक्कामाला गेले. आम्ही चौघं खोलीत गेलो. आक्का, मी, पूर्वा आणि भिंगरी. भिंगरी म्हणजे खोलीबरोबर आलेला यंत्रमानव. सहा पायांची, शेळीएवढी, मानेत बारीक दिवा. खोलीवर लक्ष ठेवणं तिचं काम, पण बारशाच्या त्या आठवड्यात मंडळाने तिला धरणाकाठची झाडं मोजायला पाठवलं होतं. पूर्वा तेव्हा पाचवीत होती. शाळेत त्यांना प्रोग्राम (यंत्राने पायरी पायरीने काय करायचं याच्या लेखी सूचना) वाचायला आणि लिहायला शिकवत.

खोलीचं यंत्र साधं होतं. डोंगरावर वीज थोडी, म्हणून त्याला चित्रं नव्हती, आवाज नव्हता. नुसता कन्सोल (फक्त अक्षरं दाखवणारा काळा पडदा) आणि खाली कीबोर्ड. पडद्यावर मेनू (कामांची यादी) यायचा:

१. बी ठेवा
२. खण सुकवा
३. थंडी बघा
४. बाहेर पडा
तुमचा पर्याय लिहा:

“आक्का, सोमवारी काय काय केलंत ते सांगा,” भिंगरी म्हणाली.

“नवी नाचणी पहिल्या खणात भरली. भरताना धुकं आत आलं, जरा ओलसर लागली. म्हणून दोन दाबलं, सुकवायला.”

“मग त्याने विचारलं, कोणता खण?”

“विचारलं.”

“तुम्ही काय लिहिलंत?”

भाकरी कशाने खातात असं कोणी विचारावं, तशी आक्का भिंगरीकडे बघत राहिली. मग म्हणाली, “लाभ.”

पूर्वाला हसू फुटलं.

“हसतीस काय गं? पयल्याला काय म्हणत्यात?”

मुलांनो, तुमच्यातल्या काहींना हे ठाऊक नसेल. आमच्याकडे धान्य मापताना पहिल्या मापाला ‘एक’ म्हणत नाहीत. ‘लाभ’ म्हणतात. लाभ, दोन, तीन, चार. पहिलं माप असं म्हटलं की रास पुरवठ्याला येते, असं जुनी माणसं मानायची. आक्काने आयुष्यभर बी असंच मापलं. सोमवारी ती यंत्रापुढे बसली तेव्हा मी शेजारीच उभा होतो. तिने एकेक अक्षर शोधून ‘लाभ’ लिहिलं ते मी पाहिलं. मला त्यात चूक दिसलीच नाही.

“पण दोन वर्षं काही झालं नाही, ते कसं?” मी विचारलं.

“पहिला खण कधी रिकामाच झाला नव्हता, म्हणून तो सुकवावाच लागला नाही,” पूर्वा म्हणाली. “आक्काआजीने आठवा सुकवला, तेरावा सुकवला. तेव्हा ८ लिहिलं, १३ लिहिलं. लाभ लिहायची वेळ यंदा पहिल्यांदाच आली.”

भिंगरीने मानेचा दिवा लुकलुकवला. “यंत्राच्या आत दुसरी, बारीक नोंद असते. मी ती वाचते. आलेला शब्द: लाभ. घेतलेला आकडा: शून्य.”

“बघ!” आक्का उसळली. “म्या लाभ दिलं, त्यानं शून्य घेतलं. आणि खोटी मी!”

“पण लाभचं शून्य झालंच कसं?” मी म्हणालो. मूळ कोडं हेच होतं.

भिंगरीने ते समजावलं, आणि मला ज्या क्रमाने समजलं त्याच क्रमाने मी तुम्हाला सांगतो.

तुम्ही कीबोर्डवर १२ दाबता तेव्हा यंत्राकडे बारा हा आकडा जात नाही. एकचं चिन्ह जातं आणि त्यामागे दोनचं चिन्ह जातं. दोऱ्यात मणी ओवावेत तशी ही चिन्हांची माळ असते. माणूस यंत्राला असं जे जे देतो त्याला आदान (बाहेरून आत आलेली माहिती) म्हणतात. या माळेवरून मोजता येण्याजोगा आकडा करायचं काम प्रोग्रामला करावं लागतं. त्याला रूपांतर (एका रूपातून दुसऱ्या रूपात बदल) म्हणतात. माळेत एक आणि दोन ही चिन्हं असली तर बारा होतात. पण माळेत ल, भ अशी अक्षरं असली तर?

“तर त्याने विचारावं,” आक्का म्हणाली. “की बाई, काय म्हणालीस?”

“हो. पण या प्रोग्राममध्ये ते विचारणं लिहिलेलंच नाही,” भिंगरी म्हणाली. “ज्याचा आकडा होत नाही त्याला तो गुपचूप शून्य धरतो आणि पुढे जातो.”

“आणि शून्य म्हणजे सगळे खण, हे कुठे लिहिलंय? मेनूत तर नाही,” मी म्हणालो.

पूर्वा तोवर प्रोग्राम उघडून वाचत होती. तिने पडद्यावर बोट ठेवलं. “हे बघा आजोबा. ज्याने हा लिहिला त्याला कारखान्यात चाळीस खण एकदम तपासायचे होते. म्हणून त्याने स्वतःसाठी शून्याची चोरवाट ठेवली. काम झाल्यावर बुजवायला विसरला.”

मला हसावं की रडावं कळेना. समजा, मी ओसरीवरून एकाला हाक मारली आणि काम सांगितलं. त्याला माझं बोलणं कळलं नाही. तर त्याने ‘काय म्हणालात?’ एवढं विचारायचं की गावातली सगळी गुरं सोडून द्यायची? आणि गुरं रान खाऊन गेल्यावर म्हणायचं, म्हाताऱ्याला नीट बोलता येत नाही!

आक्का उठली, सूप घेऊन आली आणि उंबऱ्यात बसली.

“पूर्वे, माझ्याकडं कुणी बी घेऊन आलं की मी काय करते?”

“निवडतेस.”

“नीट सांग.”

पूर्वा बोटं मोजू लागली. “आधी पिशवीत खरंच काही आहे का बघतेस. मग जात बघतेस, नाचणीत राळा मिसळलाय का ते. मग दाणा दाताखाली धरतेस. कट्‌ वाजला तर सुका, नाही वाजला तर ओला.”

“आणि ओला निघाला तर?”

“परत देतेस. म्हणतेस, दोन दिवस उन्हात घाल आणि मग आण.”

“शिव्या देते?”

“नाही.”

“आणणाऱ्याची पिशवी ओतून देते?”

“नाही.”

“तसंच कणगीत टाकून मोकळी होते?”

“कधीच नाही!”

आक्काने सूप आपटलं. एवढ्या वर्षांत तिचा आवाज मी तसा ऐकला नव्हता. “या दारातून न निवडलेला एक दाणा आजवर आत गेला नाय. आणि ह्या मशिनीनं माझा शब्द न निवडता आत घेतला! निवडायचं असतं ते कणगीत टाकायच्या आधी. टाकल्यावर काय निवडणार, माझं कपाळ?”

भिंगरी म्हणाली, “आक्का, तुम्ही आत्ता जे सांगितलंत त्याला पडताळणी (आत घेण्याआधी केलेली तपासणी) म्हणतात. प्रोग्राम लिहिणाऱ्यांना ती पहिल्या वर्षी शिकवतात.”

“मग ह्यानं कुठं दांडी मारली होती?”

त्या संध्याकाळी दोन कामं झाली. पूर्वा प्रोग्रामपुढे बसली. आणि भिंगरीने गरम हवेचा पंखा सोडवून ठेवला व त्याच्या जागी बारशाच्या मांडवातली दिव्यांची माळ जोडली. एका खणाला एक दिवा. खणात गरम हवा जाण्याऐवजी आता नुसता दिवा लागणार होता. कोणाचंही बी भाजणार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी शाळेच्या पटांगणात सभा भरली. कीबोर्ड आणि पडदा आम्ही टेबलावर आणून ठेवला होता, आणि दिव्यांची माळ शाळेच्या भिंतीवर. निमसे साहेबांनी अहवाल वाचला. शेवटची ओळ अशी होती: ‘नुकसानीचे कारण: वापरणाऱ्या व्यक्तीचे अज्ञान.’

मी उभा राहिलो. काय बोलायचं ते पाठ केलं होतं, सगळं विसरलो. “अज्ञान कुणाचं?” एवढंच तोंडातून निघालं.

“काका, बसा,” साहेब म्हणाले. “यात अपमान नाही. यंत्र अगदी सोपं आहे. मेनू वाचायचा आणि उत्तर लिहायचं. लहान मूलही करेल.”

“मग तुम्ही एकदा करून दाखवाल?” पूर्वा म्हणाली. “सातवा खण सुकवून दाखवा. प्रोग्राम जुनाच आहे, पण पंखा काढलेला आहे, नुसते दिवे लागतील.”

“त्यात काय!” साहेब बसले. त्यांनी २ दाबलं. पडद्यावर आलं, ‘कोणता खण?’ साहेबांनी लोकांकडे बघत बघत, मोठ्या ऐटीत लिहिलं: ‘खण ७’. आणि एंटर दाबलं.

भिंतीवरचे चाळीसही दिवे लागले.

मग मागून एक पोरगी मोठ्याने दिवे मोजू लागली. सातच्या पुढे गेली, दहाच्या पुढे गेली, तसं लोकांना हसू आवरेना.

साहेबांनी घाईघाईने पुन्हा मेनू आणला. २ दाबलं. आता काय लिहावं या विचारात त्यांचं बोट एंटरवर पडलं. काहीच लिहिलं नव्हतं. रिकाम्या माळेचंही प्रोग्रामने शून्य केलं. पुन्हा चाळीस दिवे.

“आता एक्केचाळीस लिहून बघा ना,” पूर्वा म्हणाली.

त्यांनी ४१ लिहिलं. खोलीत एक्केचाळिसावा खण नाहीच. यंत्र तो शोधत राहिलं, शोधत राहिलं, आणि पडदा गोठला. कुठलंही बटण दाबा, ढिम्म.

आक्का जागेवरून उठली नाही. तिथूनच म्हणाली, “लिवा साहेब, ह्येबी लिवा. कारण: साहेबाचं अज्ञान.”

साहेबांचे कान लाल झाले. ते म्हणाले, “पण प्रशिक्षणात आम्ही सांगतो, फक्त आकडा लिहा म्हणून. माहितीपत्रकातही ती ओळ आहे.”

आता मात्र माझा पाठ मला आठवला. मी म्हणालो, “साहेब, माणूस चुकणारच. कोणी थकलेला असतो, कोणी घाईत असतो, कोणाची मोजायची रीत वेगळी असते. तुम्ही शिकलेले आहात आणि दोनदा चुकलात. चूक झाली की सव्वीस जातींचा जीव जातो, हे तुमच्या लोकांना ठाऊक होतं. आणि ती अडवायला तुम्ही काय केलंत? कागदावर एक ओळ लिहिलीत. दाराला कडी लावायची सोडून ‘आत येऊ नये’ अशी पाटी लावलीत. वर ज्याच्या घरात चोरी झाली त्यालाच चोर ठरवलंत.”

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. साहेबांनी पेन काढलं, पण काही लिहिलं नाही. मग ते म्हणाले, “तुम्ही हा प्रोग्राम केला असता तर कसा केला असता?”

माणूस वाईट नव्हता, हे मला मान्य करावं लागतं. जो विचारतो तो वाईट नसतो.

पूर्वाने यंत्र बंद करून पुन्हा सुरू केलं आणि आपला प्रोग्राम चढवला. “यात मी शून्याची चोरवाट बुजवली,” ती म्हणाली. “आणि आक्काआजी दारात बसते तसा पहारा बसवला. आलेली माळ आधी दारातच थांबते. पुढेमागे रिकाम्या जागा असल्या तर मी झटकून टाकते, त्यात कोणाची चूक नाही. मग बघते, माळेत काही आहे का? असलं तर सगळी चिन्हं आकड्यांचीच आहेत का? मराठी आकडे असोत की इंग्रजी, दोन्ही चालतात. मग बघते, या नंबरचा खण खोलीत आहे का? एक ते चाळीसच्या आत? हीच मर्यादा (कुठून कुठपर्यंत चालेल ती हद्द). सगळं जमलं तरच आत. नाही तर काय हवं ते सांगते आणि पुन्हा विचारते. जमेपर्यंत विचारते. त्याला आवर्तन (तेच काम पुन्हा पुन्हा करणं) म्हणतात.”

“बघू,” म्हणून साहेब बसले. त्यांनी मुद्दाम ‘खण ७’ लिहिलं. पडद्यावर आलं:

मला फक्त आकडा हवा. १ ते ४० मधला एक लिहा. जसं: ७

एंटर नुसतंच दाबलं:

अजून काही लिहिलेलं नाही. खणाचा आकडा लिहा.

मग ४१:

४१ नंबरचा खण या खोलीत नाही. शेवटचा खण ४० आहे.

एकही दिवा लागला नव्हता. साहेब वाचत होते. “आमच्या इतर यंत्रांत अशा वेळी ‘अवैध आदान’ एवढंच येतं,” ते हळूच म्हणाले.

“अवैध?” आक्का म्हणाली. “पोलीस धरून नेत्यात ते?”

या वेळी साहेबही हसले. त्यांनी ७ लिहिलं. पडद्यावर आलं, ‘सातवा खण चार दिवस सुकवायचा. नक्की? हो किंवा नाही लिहा.’ त्यांनी ‘हो’ लिहिलं. भिंतीवर सातवा दिवा लागला. एकच.

मग भिंगरी आक्काजवळ गेली. “आक्का, एक गोष्ट राहिली. मी प्रोग्रामला शिकवून ठेवू का, की लाभ म्हणजे एक? मग तुम्हाला कधीच अडणार नाही.”

मला वाटलं, आक्का खूश होईल. तिने कमरेची किल्ली नीट खोवली. मग म्हणाली, “नको.”

“का?”

“शेजारच्या खोऱ्यात लाभाचा अर्थ काय धरत्यात, मला काय ठाव? तिथल्या बाईला दुसरंच म्हणायचं असंल. मशिनीनं मनानंच काहीतरी धरलं म्हणून तर हे सगळं झालं. आता माझ्या बाजूनं धरलं तरी ते मनानंच की. त्याला म्हणावं, धरू नको. विचार.”

मी आयुष्यात पुष्कळ शहाणी माणसं पाहिली. अन्याय आपल्यावर झाला असताना, आपल्याच फायद्याची सूट नाकारणारं माणूस मी ते एकच पाहिलं.

पूर्वाने तिथल्या तिथे चार ओळी लिहिल्या. आक्का येऊन बसली. २ दाबलं. पडदा म्हणाला, ‘कोणता खण?’ आक्काने एका बोटाने, अक्षर शोधत शोधत लिहिलं: ‘लाभ’. पटांगण भिंतीकडे बघत होतं. एकही दिवा लागला नाही. पडद्यावर आलं:

‘लाभ’ म्हणजे पहिला खण का? हो किंवा नाही लिहा.

आक्काने लिहिलं, ‘हो’. तेवढ्यावर यंत्र गेलं नाही. ‘पहिला खण चार दिवस सुकवायचा. नक्की?’ असं त्याने पुन्हा विचारलं. “विचार बाबा, विचार,” आक्का म्हणाली आणि पुन्हा ‘हो’ लिहिलं.

भिंतीवरचा पहिला दिवा लागला.

निमसे साहेबांनी अहवालाची शेवटची ओळ खोडली. वर हाताने लिहिलं: ‘नुकसानीचे कारण: प्रोग्राममध्ये आदानाची पडताळणी नव्हती.’ खाली सही केली, आणि तो कागद आधी आक्काला वाचायला दिला. तिने एकेक शब्दावर बोट ठेवून तो शेवटपर्यंत वाचला. किल्ली कोणी मागितली नाही.

मेलेलं बी काही त्या सहीने उठलं नाही. पुढच्या वर्षभरात आक्का गावोगाव फिरली. जिथे जिथे तिने कधीकाळी मूठभर बी दिलं होतं तिथून ते मागून आणलं. सव्वीसपैकी एकोणीस जाती परत आल्या. सात आल्या नाहीत. त्या सात जातींची नावं मी खोलीच्या दारावर लिहून ठेवली आहेत, आणि ती वाचताना मला आजही तितकाच राग येतो. एक प्रश्न विचारायचा राहिला म्हणून त्या गेल्या.

पूर्वाचा प्रोग्राम मंडळाने तपासला आणि डोंगरातल्या त्र्याऐंशी खोल्यांत बसवला. आज ती एकोणीस वर्षांची आहे. चंद्रावर बियाण्यांची खोली उभी राहते आहे, तिच्या यंत्राला नीट विचारायला शिकवणाऱ्या मंडळींत ती काम करते. नवा प्रोग्राम आला की ती आधी त्याच्या कीबोर्डवर ‘लाभ’ लिहून बघते. तो काय करतो त्यावरून तिला त्याची पारख होते. जे जुळं पाळण्यात होतं ते आता दुसरीत आहे. परवा त्यातल्या एकीने माझ्याच यंत्रात वयाच्या जागी मांजराचं नाव घातलं, आणि यंत्राने तिला शांतपणे विचारलं, ‘हा आकडा आहे का?’

किल्ली शेवटपर्यंत आक्काच्याच कमरेला होती. माझी थोरली बहीण चांगुणाबाई २०६१ सालच्या फेब्रुवारीत, सतरा तारखेला सकाळी वारली.